सोड्याचं वजन

२ एप्रिल, बुधवार

लायब्ररीच्या संदर्भ विभागातली पुस्तकं घरी देत नाहीत. पिशवी बाहेर ठेवायची, रजिस्टरात नाव, वेळ आणि कारण लिहायचं, आणि आतच बसून वाचायचं. कारणाच्या रकान्यात मी आज 'रसायनशास्त्र' लिहिलं. खरं कारण खिडकीजवळच्या टेबलावर बसून पेन्सिलीचं टोक चावत होतं.

सृष्टी आणि मी एकाच वर्गात होतो. बीएस्सी, दुसरं वर्ष. ती अजून आहे, मी नाही. जानेवारीत डिपार्टमेंटचं एक जाडजूड हँडबुक सापडेना. सरांनी सगळ्या वर्गासमोर मला बॅग उघडायला लावली. एकट्याला. का, तर ते वाचताना शेवटचा मी दिसलो होतो. मी बॅग उघडली नाही, टेबलावर उलटी केली. डबा, चार्जर, मळका नॅपकिन, सगळं सरांच्या पायाशी. हँडबुक नव्हतंच. मग मी जे बोललो ते इथं लिहीत नाही. तेव्हापासून कॉलेजची पायरी चढलेलो नाही. माणसाला न विचारता चोर ठरवायचं हे मला सहन होत नाही, समोर कुणी का असेना.

माळशिरसला घरी सांगितलेलं नाही. आई फोनवर विचारते, "पुस्तकं वाचतोस न्हवं?" मी व्हय म्हणतो. आजपासून ते खरं झालं म्हणायचं.

फेब्रुवारीपासून नंदीशअण्णांच्या डाईंगमध्ये कामाला आहे. टॉवेलचं सूत रंगवायचं. रंगाचं सगळं ईरप्पा मास्तरांच्या हातात. साठी उलटली, कोपरापर्यंत हात कायमचे लाल. काल अण्णा मला बाजूला घेऊन म्हणाले, "केमिस्ट्रीवाला आहेस ना? मास्तरच्या डोक्यातलं कागदावर उतरव. उद्या ते घरी बसले तर माझा लाल रंग त्यांच्याबरोबर त्यांच्या गावी, दुधनीला जाईल." आणि मग हळूच, "जमलं तर मास्तर तूच."

मल्हार मास्तर. सृष्टीला सांगण्यासारखं काहीतरी असेल मग.

४ एप्रिल, शुक्रवार

कागदावर काय उतरवणार, डोंबल?

हौदात रंग चढला की शेवटी सोडा टाकतात, धुण्याचाच, खड्याचा. त्यानं रंग पक्का होतो. कमी पडला तर धुताना उतरतो. जास्त पडला तर सूत एकदम रंग धरतं आणि कुठं गडद, कुठं फिकं होतं. म्हणजे सगळा खेळ सोड्याचा. आणि मास्तर काय करतात? पोत्यात हात घालतात, चिमूट बोटांत चोळतात, जिभेच्या टोकाला लावतात, थुंकतात, आणि पत्र्याच्या मापानं टाकतात.

मी वही उघडून उभा. "किती टाकलं, मास्तर?"

"पुरंसं."

"पुरंसं म्हणजे किती मापं?"

"परवा पावणेचार. आज साडेतीन. उद्याचं उद्या बघू."

"असं कसं? हौद तोच, सूत तेवढंच, रंग तोच."

"सोडा तोच न्हाय की. उनाळ्यात सोडा तापट हुतोय, तम्मा. तुझ्यागत. थोडक्यात भागतंय."

सगळे हसले. माझ्याबरोबर काम करणारा प्रभु तर हातातली सुताची लडी हौदात टाकून हसला. तम्मा म्हणजे कानडीत धाकटा भाऊ. प्रेमानं म्हणतात की चिडवायला, ते मला अजून कळलेलं नाही. वहीत लिहिलं: 'सोडा, पुरेसा.' मग चिडून खोडलं.

५ एप्रिल, शनिवार

संदर्भ विभाग. रंगकामाच्या एका मोठ्या ग्रंथात सोड्याचं प्रमाण मिळालं, पण कोरड्या सोड्याचं. आपला खड्याचा, त्यात पाणी धरलेलं असतं. मग हँडबुक काढलं. कॉलेजचं हरवलं तसलंच, तीनेक हजार पानांचं. बारीक अक्षर, आडव्या ओळी, आकडेच आकडे. सोडियम कार्बोनेटच्या दोन ओळी सापडल्या. रेणूचं वजन कोरड्याचं १०६, खड्याचं २८६. भागाकार केला: दोन पूर्णांक सात. म्हणजे पुस्तकात एक किलो सांगितला तर आपण दोन किलो सातशे टाकायचा. उन्हाळा नाही, हिवाळा नाही, चोळणं नाही, चाटणं नाही.

एवढा आनंद झाला की उठून सृष्टीच्या टेबलापाशी गेलो. तिथं आमच्या वर्गातला उदयसिंह बसला होता. तिच्या वहीतून उतरवून घेत होता, दात दाखवत. मी आकडा दाखवला. ती ओळीवर बोट ठेवून शेवटपर्यंत गेली. ओळीच्या टोकाला एक तोडलेला शब्द होता, 'एफ्लोर', पुढं टिंब.

"हे काय आहे ते बघितलंस?"

"असेल काहीतरी लॅटिन."

"पुढची पानं वाचलीस का आधी? ग्रंथ वापरायचा कसा ते पुढं दिलेलं असतं."

उदयसिंहसमोर मला पुस्तक कसं उघडायचं ते शिकवते! म्हणालो, "प्रस्तावना वाचायला मी काय रिटायर झालोय?" आणि आलो निघून. रजिस्टरात जाण्याची वेळ लिहायची राहिली.

९ एप्रिल, बुधवार

आज जे झालं ते नीट लिहून ठेवतो.

हिशेबाला पक्कं वजन हवं म्हणून चालू पोतं काट्यावर ठेवलं. हे पोतं होळीनंतर उघडलेलं, पन्नास किलोचं. तेव्हापासून वापरलं सतरा. तेहतीस पाहिजे. काटा दाखवतो बावीस. तीनदा ठेवलं. बावीस. अकरा किलो सोडा गेला कुठं?

आत हात घातला तर वरचा थर पिठासारखा. खडे नाहीतच, पांढरी भुकटी. खाली खडे, वर पीठ. म्हणजे खडे काढून वर काहीतरी भुसकट भरलेलं. सोडा ठेवतात त्या पत्र्याच्या खोलीची किल्ली एकाकडंच असते, मास्तरांकडं. आणि तेच माप रोज कमी कमी करत आलेत. आधी पावणेचार, मग साडेतीन. उरलेला कुठं जातो?

माझं डोकं फिरलं. काट्यापाशीच ओरडलो, "मास्तर, अकरा किलो कुणाच्या घरी गेला? तापट सोडा म्हणे! चोरी झाकायला बरी युक्ती काढली!"

दहा-बारा माणसं होती. अण्णाही होते. मास्तरांनी पोत्याचं तोंड ओढून मिटलं. मग एवढंच म्हणाले, "पोतं मी उघडं ठेवत हुतो. ते चुकलंच."

हात धुतले, किल्ली काट्यावर ठेवली, चपला घातल्या आणि गेले. हात धुवून काही उपयोग नसतो त्यांचा, तरी धुतले.

कबूलच केलं की नाही? उघडं ठेवलं म्हणजे कुणीतरी नेलं, नाहीतर स्वतः नेलं. मग मला बरं का वाटत नाही?

१० एप्रिल, गुरुवार

अण्णांनी किल्ली माझ्याकडं दिली. "वही काढ, लाग कामाला," म्हणाले. पाचवीत वर्गाचा मॉनिटर झालो तेव्हाही इतका ताठ चाललो नव्हतो.

लायब्ररीत जाऊन सृष्टीला सगळं सांगितलं. मला वाटलं, खुश होईल. तिनं पेन्सिल खाली ठेवली.

"त्यांना विचारलंस का, वजन का कमी भरलं?"

"चोराला काय विचारायचं?"

"तुझी बॅग उघडायला लावली तेव्हा तुला कुणी विचारलं होतं?"

हा विषय कुठून आला? माझ्या बॅगेत हँडबुक नव्हतंच. मास्तरांच्या पोत्यात सोडा खरंच कमी होता. दोन्हीत फरक आहे. ते तिला समजावत बसलो तर ती उठून गेली. या मुलीचं काही कळत नाही. एवढी पुस्तकं वाचते आणि सरळ गोष्ट कळत नाही.

१२ एप्रिल, शनिवार

पहिला हौद. वजन करून, आकड्याप्रमाणं, ग्रॅमाला ग्रॅम.

सूत बाहेर काढलं तर गोवराच्या अंगासारखं दिसत होतं. इथं काळपट लाल, तिथं गुलाबी, मधे पांढरट ठिपके. प्रभु लडी उचलून म्हणाला, "लायब्ररी मास्तर, ही कुठल्या पानावरची डिझाइन हाय?"

अण्णांनी लडी उजेडात धरून बघितली आणि परत माझ्या हातात दिली. त्यापेक्षा ओरडले असते तर बरं.

१३ एप्रिल, रविवार

दुसरा हौद. कालच्यापेक्षा वाईट. सोड्यात कुणीतरी काहीतरी कालवलंय असा माझा संशय. पण किल्ली तर माझ्याकडं आहे. मग मीच कालवलं?

अण्णा म्हणाले, "टॉवेलवाल्यांना दहा दिवसांत सूत द्यायचंय. अजून एक हौद नासला तर तू आणि मी दोघंही हुरडा भाजत बसू."

हुरड्याचा हंगाम संपलाय, असं म्हणणार होतो. ते गिळलं आणि हौद धुवायला घेतला.

१४ एप्रिल, सोमवार

जयंती. लायब्ररी बंद. कुलपाला हात लावून परत आलो. सगळं शहर निळं, रस्त्यावर पाय ठेवायला जागा नाही, ढोल-ताशानं छाती हलत होती. एका पोरानं कपाळाला गुलाल लावला. घरी येऊन आरशात बघितलं तर तेही मला ठिपक्यांच्या सुतासारखंच दिसलं.

१५ एप्रिल, मंगळवार

मी गाढव आहे.

सकाळी लायब्ररी उघडायच्या आधी पायरीवर बसलो होतो. सृष्टी आली. बोलेल असं वाटलं नव्हतं. तिनंच विचारलं, "झालं का मास्तर?" मी नासलेल्या लडीचा तुकडा खिशातून काढून दाखवला. ती हसली नाही. आत गेल्यावर स्वतःच हँडबुक काढलं, ते दोन्ही हातांनी उचलावं लागतं तिला, आणि पुढची पानं उघडली. तोडलेल्या शब्दांची यादी. बोट खाली खाली सरकलं आणि थांबलं. मग परिभाषेचा मराठी कोश काढला. त्यात एकच शब्द, 'उत्फुल्लन'.

"म्हणजे फुलतं?" मी विचारलं.

"थांब की. असं झालं की तिसरं पुस्तक बघायचं." तिसऱ्यात नीट दिलं होतं: कोरड्या हवेत उघडा राहिला तर खड्याचा सोडा आपल्यातलं पाणी सोडतो, वजन घटतं, खड्याची पांढरी भुकटी होते.

पांढरी भुकटी. अकरा किलो पाणी. पत्र्याच्या खोलीत, बेचाळीस डिग्रीत, उघड्या तोंडाचं पोतं.

कुणी काही नेलं नव्हतं. उलट तेवढ्याच वजनात सोडा जास्त झाला होता. म्हणून मास्तर माप कमी करत होते. आणि मी दोन पूर्णांक सातनं गुणत होतो.

"हे दहावीला होतं आपल्याला," सृष्टी म्हणाली. आवाजात टोमणा नव्हता, म्हणून जास्त लागलं. दहावीला मी ते पाठ केलं होतं. दोन मार्क पडले होते.

तिन्ही पुस्तकांतलं उतरवून घेतलं. घरी देत नाहीत ना. मला उतरवायला फार वेळ लागत होता, त्यामुळं तिनंच अर्धं लिहून दिलं. उदयसिंह येऊन उभा राहिला तर त्याला म्हणाली, "आज नाही, काम आहे." नक्की कसलं काम होतं तिला, विचारायचं राहिलं.

१७ एप्रिल, गुरुवार

दुधनी. एसटीत उभा राहून गेलो. घर विचारलं तर एकानं बोट दाखवून विचारलं, "लाल हाताचा ईरप्पा?"

दार उघडं होतं. आतून मास्तरांच्या बायकोनं, चंद्रव्वांनी, विचारलं, "यार्री?" मी नाव सांगितलं. त्या बाहेर आल्या, आपादमस्तक बघितलं.

"तूच का त्यो पोतं मोजनारा?"

"व्हय."

"आदी पानी पी. उनातनं आलायस. मग शिव्या खा."

पाणी दिलं, गूळही दिला. शिव्या दिल्या नाहीत. त्यानं तर मला धड बसताही येईना. मास्तर खांबाला टेकून बसले होते. मी वही काढून वाचलं, मराठी करून करून.

"परत वाच," म्हणाले.

परत वाचलं.

"म्हंजे पानी उडतंय."

"व्हय, मास्तर. पाणी जातं, सोडा राहतो."

"मला वाटायचं जोर वाढतोय त्याचा." बोटं बोटांवर चोळली, जणू सोडा हातातच होता. "हे पुस्तकात कवापास्नं हाय?"

"शंभर वर्षं तरी."

"आन् मला चाळीस वर्सं. बरुबर टाकत हुतो म्हन की."

"बरोबर टाकत होता. पण मास्तर, त्या दिवशी बोलला का नाहीत? सोडा सुकतो एवढं जरी म्हणाला असता..."

"चोर म्हनल्यावर मानूस सोड्याचं बोलत बसतोय व्हय?"

मी पाया पडायला वाकलो तर त्यांनी पाय आत घेतले.

"हितं न्हाय. हितं मला कुनी चोर म्हनलं न्हाय. काट्यापाशी म्हनलास, तितं बोल. तवा जेवढी मानसं हुती तेवढी बोलव. आन् तवा जेवढ्या मोठ्यानं वरडलास, तेवढ्याच मोठ्यानं."

चंद्रव्वांनी निघताना शेंगाचटणी बांधून दिली. ती घ्यावी की नको ते कळेना. घेतली.

१९ एप्रिल, शनिवार

काट्यापाशी उभा राहिलो. सगळ्यांना बोलावलं. अण्णांना खुर्ची दिली. मास्तर आले नव्हते, दुधनीहून कशाला येतील? सुरुवात केली, पण हळूच.

"लायब्ररी मास्तर, मोठ्यानं! मागं ऐकू येईना," प्रभु म्हणाला.

मग ओरडलो. चोरी झाली नाही, सोड्यातलं पाणी उडालं, मास्तर बरोबर होते, मी चुकलो, मी न विचारता बोललो. दोनदा ओरडलो. दुसऱ्यांदा कुणी हसलं नाही. प्रभुनं लडी खाली ठेवली.

इथपर्यंत सरळ होतं. पुढचं कळत नाही.

अण्णा म्हणाले, "बरं झालं. माणूस इमानी निघाला. आता तुला कळलंय ना पाणी उडतं? मग तेवढं धरून आकडा बदल. मास्तरांना म्हातारपणी कशाला त्रास? तूच बघ."

म्हणजे मी त्यांचं नाव धुतलं आणि त्याच पाण्यात त्यांचं काम वाहून गेलं!

म्हणालो, "अण्णा, कुठल्या पोत्यातलं किती पाणी उडालं ते रोज वेगळं असतं."

"असेल की पुस्तकात कुठंतरी. तू हुशार आहेस, शोध."

पुस्तकात आहे. मंगळवारीच वाचलंय. सोड्याचं पाणी करायचं, ताकद माहीत असलेलं ॲसिड ब्युरेटच्या तोटीवाल्या काचनळीतून थेंब थेंब सोडायचं, रंग बदलला की थांबायचं. पोत्यात खरा सोडा किती, पंधरा मिनिटांत आकडा. कृती माझ्या खिशातल्या वहीत होती, आकृतीसकट.

मी म्हणालो, "नाही अण्णा. पुस्तकात नाही. ते फक्त मास्तरांच्या बोटांना कळतं."

अण्णा खुर्चीतून उठले. मग प्रभुला म्हणाले, "ईरप्पाला फोन लाव."

खरं वजन सांगितलं तेव्हा माणूस घरी गेला. खोटं सांगितलं तेव्हा परत येतोय. यातलं पाप कुठलं?

२१ एप्रिल, सोमवार

मास्तर आले. चिमूट चोळली, जिभेला लावली, थुंकले, तीनला थोडं कमी टाकलं. सूत एकसारखं लाल. किल्ली परत दिली तर त्यांनी कनवटीला लावली, जणू मधे काही झालंच नाही.

जेवणाच्या सुट्टीत मला मागं नेलं. "पुस्तकात न्हाय म्हनलास म्हनं."

"व्हय."

"तुझं कान लाल झाल्यात, तम्मा. चाळीस वर्सं लालच बघतोय मी."

मग सगळं सांगितलं. मला वाटलं, बरं केलंस म्हणतील. किंवा रागावतील. ते दुसरंच बोलले: "मला दाव ते."

"कशाला, मास्तर? अण्णांना कळलं तर..."

"नंदीशला कशाला कळतंय? दुपारी झोपतोय त्यो. मला एकदा बघायचंय, ही बोटं किती खोटं बोलत्यात."

ब्युरेट कुठून आणू?

२३ एप्रिल, बुधवार

सृष्टीला विचारलं. नाही म्हणेल म्हणून आधीच तोंड पाडून उभा होतो. तिनं कॉलेजातून ब्युरेट, स्टँड, सगळं स्वतःच्या सहीनं काढलं. फुटलं तर तिच्या नावावर. ॲसिडही तिनंच तयार केलं. म्हणालो, दे, मी नेतो. तर म्हणे, "रिक्षात हिंदकळेल. मीच घेऊन येते." मी रोज सुताचे गठ्ठे नेतो, एक बाटली नेता येणार नाही? पण म्हणालो, ये.

मास्तरांचे हात बघायचे असतील तिला.

२४ एप्रिल, गुरुवार

दुपारी दोन. अण्णा घरी. पत्र्याच्या खोलीबाहेर सावलीत स्टूल मांडलं, त्यावर स्टँड. पांढरी फरशी नव्हती म्हणून मास्तरांनी स्वतःचं धोतराचं टोक खाली धरलं, रंग नीट दिसावा म्हणून. सृष्टीनं त्यांना आजोबा म्हटलं. दोघं लगेच कानडीत बोलायला लागले. तिला कानडी येतं हे मला दोन वर्षांत माहीत नव्हतं. काय बोलत होते ते कळलं नाही, पण दोघं माझ्याकडं बघून हसले.

आधी मास्तरांनी चिमूट चोळली. "सोळा आण्यांतला नऊ आणे सोडा. बाकी पानी." सृष्टीनं वहीत लिहिलं.

मग सोड्याच्या पाण्यात रंग दाखवणारं औषध टाकलं आणि मी ब्युरेटची तोटी फिरवली. पिवळं पाणी. थेंब. थेंब. पिवळं. थेंब.

"थांब!" मास्तर ओरडले. मला तर अजून पिवळंच दिसत होतं. खरं म्हणजे दिसत नव्हतं, कारण मी पाण्याकडं बघत नव्हतो. सृष्टी वाकून आकडे वाचत होती, तिची एक बट ब्युरेटला लागत होती. मी दोन थेंब जादा सोडले. पाणी लालभडक झालं.

"केशरी झालं तवाच थांबायचं हुतं," मास्तर म्हणाले. "डोळं कुटं हुतं?"

सृष्टीनं मान वर केली नाही. लिहायचंही थांबली होती.

"वाया गेलं," मी म्हणालो. "परत करावं लागेल."

"मग कर की परत," ती म्हणाली. "ॲसिड मी भरपूर आणलंय."